दोन दिशांची शब्दपट्टी

मराठीत 'तालीम' म्हटलं की डोळ्यांसमोर लाल माती येते, दंड-बैठका येतात, नाहीतर नाटकाचा सराव. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. 'दफ़्तर' उर्दूत कचेरी, मराठीत पोरांच्या पाठीवरची पिशवी. 'ख़त' उर्दूत चिठ्ठी, मराठीत ते शेतात टाकतात. उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठी शिकवताना हे शब्द रोज आडवे येतात. अनोळखी शब्दाला मूल बिचकतं, पण निदान अर्थ विचारतं. ओळखीचा शब्द दिसला की विचारतच नाही, घरचा अर्थ लावून मोकळं होतं. 'शेतकऱ्याने पिकाला खत दिले' हे वाक्य वाचून सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "आपा, फसल को पढ़ना आता क्या?" वर्ग हसला. प्रश्न मात्र चोख होता.

अशा शब्दांसाठी मी वर्षानुवर्षं शब्दपट्ट्या करत आले. पुठ्ठ्याची पट्टी, एका बाजूला उर्दू, मागे मराठी, आणि भिंतीवर खिशांचा तक्ता. बी.एड.ला असताना शिकलेलं सगळ्यात टिकाऊ ज्ञान तेच असावं. पण पट्ट्या शाळेत राहतात आणि मुलं घरी जातात. घरी बहुतेकांकडे एक फोन असतो, तोही अब्बा कामावरून आल्यावर हातात मिळतो. त्या फोनवर पट्ट्या हव्यात, एवढीच माझी गरज होती.

पूर्वी एका कंपनीनं आम्हाला असं काही करून दिलं होतं. तिचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असं करणारी ती एकटीच नाही. मराठी मजकूर नीट टाइप केलेला, आणि उर्दू शब्द मात्र चित्र म्हणून चिकटवलेले. का, तर 'उर्दू नीट दिसत नाही मॅडम, फोटोच बरा.' चित्र मोठं केलं की फुटतं. त्यातला शब्द शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या चित्रापाशी मुकं होतं. आणि एक नुक्ता बदलायचा तर पुन्हा नवं चित्र. मला सर्वांत जास्त खटकलं ते हे की, त्या पानावर मराठी ही भाषा होती आणि उर्दू ही तसबीर.

म्हणून मी स्वतः शिकायला बसले. माझी भाची पुण्यात वेबसाइटचं दर्शनी काम करते, म्हणजे पडद्यावर जे दिसतं आणि बोटाखाली येतं ते. तिनं सांगितलं, रिॲक्ट शिका. चाळिशी ओलांडलेल्या भाषाशिक्षिकेला हे जमेल का, या प्रश्नावर मी फार वेळ घालवला नाही. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला नियमांची भीती वाटायचं कारण नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब सुरू केलं, पहिली वेबसाइट 1991 ची. तेव्हा वेबपान हे खरोखर पानासारखंच होतं: मथळा, परिच्छेद, दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा. 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट तयार केली आणि पान हलू-बोलू लागलं. पुढे पानं इतकी हलू लागली की त्यांना पान म्हणणंही अवघड झालं. फेसबुकच्या एका पडद्यावर संदेश येतोय, आकडा वाढतोय, कुणीतरी टिप्पणी करतंय, हे सगळं एकाच वेळी. कुठला आकडा कुणी बदलायचा याचा मेळ लावताना इंजिनिअरांची दमछाक होऊ लागली. तिथल्याच जॉर्डन वॉक या इंजिनिअरनं रिॲक्ट बनवलं आणि मे 2013 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. पुढच्याच वर्षी इव्हान यू यांचं व्ह्यू आलं. आज अशी साधनं बरीच आहेत. बोली वेगवेगळी असली तरी मूळ कल्पना जवळपास एकच: पडद्याचे कंपोनंट करा, म्हणजे छोटे, स्वतंत्र, पुन्हा वापरता येणारे भाग.

रिॲक्ट आलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. त्याआधीची शिस्त अशी होती की मांडणी एचटीएमएलमध्ये, सजावट सीएसएसमध्ये आणि वर्तन जावास्क्रिप्टमध्ये, आणि तिन्हींची सरमिसळ करायची नाही. रिॲक्टनं मांडणी सरळ जावास्क्रिप्टच्या पोटात आणून बसवली. मला तो वाद शाळेच्या साहित्याच्या कपाटावरून कळला. काही शाळांत सगळे तक्ते एका खणात, सगळी चित्रं दुसऱ्यात, सगळ्या पट्ट्या तिसऱ्यात. कपाट देखणं दिसतं, पण एक पाठ शिकवायचा तर तीन खण उपसा. दुसरी पद्धत पाठाच्या पेटीची. त्या पाठाचं सगळं, तक्ता, चित्र, पट्टी, एकाच पेटीत. रिॲक्ट पेटीवाला आहे. मी आधीपासूनच पेटीवाली, त्यामुळे माझं मत फिरवायला कुणाला कष्ट पडले नाहीत.

कंपोनंट म्हणजे ठसा, असं अनेक ठिकाणी समजावतात. एकदा कोरला की हवा तितका उमटवा. मला ही उपमा अपुरी वाटते. ठसा दरवेळी तेच उमटवतो. कंपोनंटला बाहेरून काहीतरी दिलं जातं आणि त्याप्रमाणे त्याचं रूप ठरतं. आपल्याकडे याहून नेमकी गोष्ट आहे: बाराखडी. 'क' एकच. काना दिला की 'का', वेलांटी दिली की 'की'. 'ख'लाही तोच काना चालतो. अक्षर म्हणजे कंपोनंट आणि मात्रा म्हणजे बाहेरून दिलेली गोष्ट. तिला रिॲक्टमध्ये प्रॉप म्हणतात. उर्दूचंही उदाहरण घ्या. 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि सुटं असताना वेगवेगळं दिसतं, पण ते असतं 'बे'च. शेजारी कोण आहे त्यावर त्याचं रूप ठरतं. दोन लिप्यांत वाढलेल्या माणसाला प्रॉप म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये आपण ठेवलेली नावं देवनागरीत असली तरी चालतात. कार्यालयांत असं कुणी करत नाही म्हणून भाची कुरकुरली, पण शिकताना मला ते फार बरं पडलं. माझी पहिली पट्टी अशी दिसायची:

<शब्दपट्टी शब्द="किताब" अर्थ="पुस्तक" />

आणि दुसरी अशी:

<शब्दपट्टी शब्द="तालीम" अर्थ="शिक्षण" सावध="मराठीत तालीम म्हणजे व्यायामशाळा किंवा सराव" />

मजकूर इथं कळावा म्हणून मी देवनागरीत दिला आहे. पट्टीवर तो उर्दू लिपीतच जातो. 'सावध' हा प्रॉप दिला तरच पट्टीच्या खाली पिवळी कड आणि तो मजकूर येतो, नाही दिला तर येत नाही. 'किताब'ला त्याची गरज नाही, 'ख़त'ला आहे. ब्राउझरला ही लिखावट थेट कळत नाही, ती आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवावी लागते. ते काम यंत्र करतं, म्हणून त्यात शिरत नाही.

आता पट्टी उलटायची. पुठ्ठ्याची पट्टी हातानं उलटते, पडद्यावरच्या पट्टीला मात्र 'मी उलटलेली आहे की नाही' हे लक्षात ठेवावं लागतं. या आठवणीला स्टेट म्हणतात. प्रॉप बाहेरून येतो, स्टेट आतलं असतं. चाळीस पट्ट्या मांडल्या तर चाळिशींची आठवण वेगवेगळी. एक उलटली म्हणून शेजारची उलटत नाही. स्टेट बदललं की रिॲक्ट तो भाग पुन्हा मांडतं. इथं एक बारकावा आहे, आणि नवशिक्यानं इथं थोडं थांबावं असं मला वाटतं. आपण पडद्याला हुकूम सोडत नाही, की 'तिसऱ्या चौकटीतला मजकूर पुस, त्या जागी हा लिही.' आपण फक्त एवढंच सांगतो की पट्टी उलटलेली असेल तर ती अशी दिसावी, नसेल तर अशी. आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र यांत फरक काय, हे रिॲक्ट ताडून पाहतं आणि तेवढंच बदलतं. वर्गातल्या फळ्याचा वरचा कोपरा आठवा: वार, दिनांक, पट, हजर. सकाळी आपण सगळा कोपरा पुसत नाही. वार-तारीख बदलतो, हजर बदलतो, पट तसाच राहतो.

मग मला हवं होतं वर एक ओळ: 'आज पाहिलेले शब्द 12.' ही संख्या कुणी मोजायची? प्रत्येक पट्टीला फक्त स्वतःचंच माहीत. उत्तर शाळेतच आहे. हजेरी मुलांच्या खिशात ठेवत नाहीत, वर्गशिक्षकाच्या टेबलावर ठेवतात. कोणती पट्टी उलटली ही माहिती पट्ट्यांमधून काढून त्या सगळ्यांना मांडणाऱ्या वरच्या कंपोनंटकडे द्यायची. पट्ट्यांकडे ती पुन्हा प्रॉप म्हणून खाली येते. आणि पट्टीला काही कळवायचं असेल तर? वरून आलेला प्रॉप पट्टी स्वतः बदलू शकत नाही, जसं प्रगतिपुस्तकातले गुण मूल स्वतः खोडत नाही. पण वरचा कंपोनंट तिच्या हाती एक फंक्शन देऊन ठेवतो: 'बोट लागलं की हे चालव, मला कळेल.' माहिती वरून खाली वाहते, निरोप खालून वर जातो. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते. पण आकडा चुकलाच तर कुठं बघायचं हे पक्कं माहीत असतं. एकच टेबल, एकच हजेरी.

याच टप्प्यावर भाचीनं मला एक गंमत मुद्दाम करून दाखवली. पट्ट्यांची यादी मांडताना रिॲक्ट प्रत्येकीसाठी एक 'की' मागतं, म्हणजे ओळख. लोक आळसानं तिथं यादीतला क्रमांक देतात. तिनं तसाच दिला, आणि उलटं-सुलटं पट्ट्यांच्याच स्टेटमध्ये ठेवलं. पहिल्या जागी 'किताब' होती, ती उलटली. मग बटण दाबून सगळ्या पट्ट्या पिसल्या. पहिल्या जागी आता 'क़लम' आली, आणि बोट न लावताच ती उलटलेली! रिॲक्टच्या दृष्टीनं ओळख 'पहिली' एवढीच होती, आणि पहिली पट्टी उलटलेली होती. मी हसले, कारण हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असतो. हजेरीतला क्रमांक दरवर्षी बदलतो. जूनमध्ये एक नवं नाव आलं की खालचे सगळे एकानं सरकतात. म्हणून दाखला काढताना हजेरी क्रमांक चालत नाही, जनरल रजिस्टरचा क्रमांक लागतो. तो मुलाला एकदाच मिळतो आणि शाळा सुटेपर्यंत त्याचाच राहतो. 'की' म्हणून जनरल रजिस्टरचा क्रमांक द्यायचा. माझ्या यादीत आता प्रत्येक शब्दाला तसा क्रमांक आहे.

इथवर सगळं सरळ होतं. खरा प्रश्न पुढं आला, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. नस्तालीकमध्ये तर ती नुसती आडवी जात नाही, प्रत्येक जोड उजवीकडून तिरकी खाली उतरते. मराठीला पुरेल एवढ्याच ओळीच्या उंचीत तिला बसवलं की वरचे नुक्ते किंवा खालचे फाटे कापले जातात. 'उर्दू नीट दिसत नाही' या तक्रारीत बऱ्याचदा एवढंच असतं: दिशा सांगितलेली नाही, फॉन्ट दिलेला नाही, ओळीला उंची नाही. गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळतो. दिशा सांगायला एचटीएमएलमध्ये एक शब्द पुरतो. चित्र चिकटवण्यापेक्षा हे काम कमीच आहे.

भाची म्हणाली, "खाला, दो अलग बना लो. एक उर्दूपट्टी, एक मराठीपट्टी. झंझट ही नै."

तिचा सल्ला व्यवहाराचा होता, आणि बाजारात बहुतेक ठिकाणी असंच होतं. पण विचार करा. दोन कंपोनंट केले की पहिल्या दिवशी ते सारखे असतात. मग मराठीपट्टीत कुणीतरी आवाजाचं बटण घालतं. उर्दूपट्टीत घालायचं राहतं. मराठीपट्टीचा रंग सुधारतो, अक्षर मोठं होतं, उर्दूपट्टीची पाळी 'पुढच्या वेळी' येते. कुणाच्या मनात वाईट नसतं. नुसतं वेगळं ठेवलेलं हळूहळू मागे पडतं. उर्दू माध्यमाच्या शाळेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. मी हट्ट धरला की पट्टी एकच राहील.

मग भाचीनं दुसरी बाजू दाखवली, आणि तीही खरी होती. एकाच पट्टीत मी जागोजागी 'भाषा उर्दू असेल तर' घालू लागले. दिशेसाठी एकदा, फॉन्टसाठी एकदा, उंचीसाठी, कडेच्या जागेसाठी, बाणाच्या तोंडासाठी. दहा ओळींची पट्टी वाचवेना. तिनं एकच प्रश्न विचारला, "खाला, इसमें बदलता क्या है?" बदलत होता फक्त मजकूर. पट्टीची चौकट, तिचं उलटणं, पिवळी कड, यांना भाषेशी काही देणंघेणं नव्हतं.

मग मजकुराचा वेगळा कंपोनंट केला. <मजकूर भाषा="उर्दू">. तो एवढासा आहे, पण त्याला प्रत्येक भाषेचं सगळं ठाऊक आहे: दिशा कुठली, फॉन्ट कुठला, ओळ किती उंच. भाषेचं नाव ब्राउझरलाही तोच सांगतो. त्याचा फायदा मराठीलाही होतो. ज्या फॉन्टात तशी सोय असते, तिथं भाषा मराठी आहे असं कळल्यावर 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे. म्हणजे मराठीही 'आपोआप नीट' नव्हतीच. तिलाही सांगावं लागतं, फक्त न सांगितल्यानं तिचं फारसं बिघडत नाही. आता शब्दपट्टी फक्त म्हणते, इथं मजकूर ठेव. कुठल्या भाषेचा, हे तिला माहीतच नसतं.

सीएसएसमध्येही याच्या जोडीची एक सोय निघाली. पूर्वी कडेची जागा सांगताना 'डावीकडे सोळा बिंदू' असं लिहायचे. म्हणजे लिहिणाऱ्यानं गृहीतच धरलं की वाचणारा डावीकडून येणार. आता 'सुरुवातीच्या बाजूला सोळा बिंदू' असं लिहिता येतं. मराठीत ती बाजू डावी, उर्दूत उजवी, ब्राउझर ठरवतो. माझ्या सगळ्या कामात आता 'डावं' आणि 'उजवं' हे शब्द नाहीत, 'सुरुवात' आणि 'शेवट' आहेत. एवढ्याशा बदलानं 'उर्दू असेल तर'ची उरलेली झुडपंही साफ झाली.

जाता जाता एक. उर्दू वर्तमानपत्रं फार काळ कातिबांच्या हातची होती. चेन्नईचं 'द मुसलमान' 1927 पासूनचं, आणि त्याची हातानं लिहिण्याची परंपरा एकविसाव्या शतकातही टिकलेली होती. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी 1981 च्या सुमारास नूरी नस्तालीक केला तेव्हा जोडलेल्या अक्षरांचे हजारो तयार आकार साठवून ठेवले होते. नोटोसारखे आजचे फॉन्ट सुटी रूपं आणि जोडण्याचे नियम ठेवतात आणि शब्द जागेवर घडवतात. कातिबाच्या बोटांत हे नियमच होते, फक्त ते कुणी लिहून काढलेले नव्हते. नूरीची मेहनत मला थक्क करते, पण त्यात नसलेला नवा शब्द आला की जोड अडते.

आता पट्ट्या मुलांच्या फोनवर उघडतात. शेजारच्या मराठी शाळेतल्या बाईंनी त्या पाहिल्या आणि विचारलं, आमच्या मुलांना उर्दूतले शब्द दाखवता येतील का? शब्दाच्या जागी मराठी, अर्थाच्या जागी उर्दू, बास. पट्टीला हात लावावा लागला नाही. त्यांच्या यादीत 'सावध' मात्र उलट्या बाजूनं लिहावं लागलं: 'उर्दूत दफ़्तर पाठीवर घेत नाहीत.'

सध्या एक प्रॉप अडलेला आहे. मराठीत 'चार'चा 'च' वेगळा आणि 'चारा'चा वेगळा. 'जग' हा शब्द दुनिया म्हणून एका 'ज'नं उच्चारतात, जगण्याची आज्ञा म्हणून दुसऱ्या. लिपीत काहीच फरक दिसत नाही, आणि माझी मुलं सगळीकडे पहिलाच उच्चार करतात. दुसऱ्या 'ज'च्या जवळ जाणारी 'ज़े' त्यांच्याकडे घरचीच आहे, कुठं वापरायची तेवढं सांगायला हवं. म्हणून पट्टीला 'उच्चार' हवा, आणि तो लिहून भागणार नाही, ऐकवावा लागेल. मराठी शाळेतल्या बाई त्यांचा आवाज द्यायला तयार आहेत. त्यांच्या मुलांना 'ख़त'मधला 'ख़' ऐकवायचं काम माझ्याकडे आलंय. पहिले पन्नास शब्द निवडून झाले आहेत, रेकॉर्डिंग रविवारी.